सेकंड हँड थार किंवा जिप्सी घेताना काय तपासावं? इंजिन ओके असेल तर बाकी चालेल का?

तुम्ही विचारलंय की नाशिकमध्ये सहा लाखांपर्यंत जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घ्यायचीय, थार की जिप्सी ठरत नाहीये, आणि शेवटी लिहिलंय, "इंजिन ओके असेल तर बाकीचं हळूहळू करून घेता येईल ना?" या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहितोय. नाही, करून घेता येत नाही. अशा गाडीत सगळ्यात सहज दुरुस्त होणारी वस्तू म्हणजे इंजिन. ते उतरवता येतं, बोअर करता येतं, रिंगा-पिस्टन बदलता येतात, दुसरं आणून बसवता येतं. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, कुजली की गाडी संपली.

हाच वाद माझा आणि मामेभावाचा कित्येक वर्षं चालू आहे. पाथर्डी फाट्याजवळ आम्ही दोघं एक थार बघायला गेलो होतो, २०१३ च्या पासिंगची, अडीच लिटरचं सीआरडीई डिझेल इंजिन. त्याने बोनेट उघडलं, कान लावला आणि म्हणाला, "मक्खन आहे, टोकन देऊन टाक." इंजिन खरंच छान होतं. फक्त आम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलेलं होतं. हे तुमच्याही बाबतीत होईल, म्हणून सांगतो: फोन करतानाच "मी येईपर्यंत चालू करू नका" असं सांगा आणि पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवून बघा.

मी गाडीखाली शिरलो. सगळीकडे ताजं काळं अंडरकोटिंग, म्हणजे गंज लागू नये म्हणून मारतात तो लेप. दहा वर्षांच्या गाडीचं पोट नवं कोरं दिसलं की मालक हौशी आहे असं समजू नका, खाली काय झाकलंय ते शोधा. छोटी हातोडी घेऊन चेसिसवर पुढून मागे वाजवत जायचं. धड लोखंड टणटण वाजतं, आतून कुजलेलं ठप्प वाजतं. मागच्या धुरीच्या (अॅक्सलच्या) वर चेसिसला बाक येतो तिथे, मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) शॅकल, म्हणजे झुलती कडी, अडकते त्या ब्रॅकेटपाशी आणि बॉडी माउंटांच्या, म्हणजे बॉडी चेसिसवर बसते त्या जोडांच्या, आजूबाजूला जास्त वेळ द्या. आपल्याकडची काळी माती या खोबणींत घट्ट बसते आणि पावसाळा संपल्यावरही महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. पाण्याचं प्रेशर मारून ती पूर्ण निघत नाही. ठप्प आवाज आला तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून जोर द्यायचा. त्या थारच्या डाव्या मागच्या ब्रॅकेटशेजारी तो जवळजवळ अर्धा इंच आत गेला.

कारण वर सापडलं. मागची मॅटिंग उचलली तर फ्लोअरवर निळसर-हिरवे डाग. गाडी दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतली होती, मागे फवारणीचा ड्रम ठेवून फिरलेली. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद लोखंडाला खातं. सांडलेलं पाणी फ्लोअरच्या सांध्यांतून चेसिसवर उतरतं आणि तिथेच बसतं. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडची गाडी असेल तर मॅटिंग उचलल्याशिवाय बोलणीच करू नका. एमएच ०६ किंवा एमएच ०८ ची, म्हणजे रायगड-रत्नागिरीची, गाडी असेल तर समुद्राच्या वाळूत फिरली का ते विचारा. खारं पाणी चेसिसच्या पेटीत आतून गंज धरतं, बाहेरून बरीच वर्षं काही दिसत नाही.

भाऊ म्हणाला, "पट्टी मारून वेल्डिंग करू." कुजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. पट्टीच्या कडेला उष्णतेने रंग आणि कोटिंग जळतं, पुढचा गंज तिथूनच सुरू होतो, आणि पाट्याचा सगळा भार त्याच कडेवर येतो. असा जोड तुटेल तेव्हा गाडी भरलेली असेल आणि रस्ता घाटाचा असेल.

मग मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे धुरीच्या मधल्या गियरच्या गोळ्याचा, ऑइल भरायचा बोल्ट उघडला. वरचा, भरायचा, खालचा ड्रेनचा नाही. तेल काढून टाकलं आणि भरायचा बोल्ट फिरेनाच झाला तर अडकलात. बोट आत घातलं की तेल भोकाच्या कडेपर्यंत लागायला हवं. त्या गाडीत ते दूध घातलेल्या कॉफीसारखं निघालं, म्हणजे आत पाणी. पाणी कसं जातं ते कळलं की पुढे काय तपासायचं तेही कळतं. गाडी चालून धुरी गरम होते, मग ओढ्यात उतरली की एकदम थंड पडते, आतली हवा आक्रसते आणि बाहेरून हवा ओढते. ब्रीदरची नळी मोकळी असेल तर ती तिथून येते. नळी चिखलाने बुजलेली असेल तर सीलच्या कडेने पाणीच ओढलं जातं. तसं तेल घेऊन गाडी चालत राहिली की बेअरिंग आणि दातांवर खड्डे पडतात आणि साठच्या पुढे मागून घूंऽऽ आवाज येतो. पुढची धुरी, मागची धुरी, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या धुरीला ताकद वाटणारी पेटी), गियरबॉक्स, चारही ठिकाणी बोट घाला. विकणारा बोल्ट उघडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

आम्ही ती थार सोडली. भाऊ अजून म्हणतो की चांगलं इंजिन हातचं घालवलं.

आता फोर बाय फोर खरंच चालतं का ते. विकणारे लिव्हर ओढून दाखवतात, डॅशवर दिवा लागतो, पण दिव्याने काही सिद्ध होत नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा. टू-एच मध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) पुढचं एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, फिरेल. खाली घ्या, इंजिन चालू करून फोर-एच (चारही चाकांना ताकद) टाका, मोकळ्या मातीत दहा-पंधरा फूट सरळ न्या, बंद करा, दगड लावून तेच चाक पुन्हा उचला. आता ते फिरता कामा नये, थोडा प्ले सोडून. फिरलं तर ट्रान्सफर केसपासून चाकाच्या मध्यावरच्या हबपर्यंत कुठेतरी जोड लागत नाहीये. जिप्सीच्या हबवर हाताने फिरवायचं लॉक असतं, ते दोन्ही बाजूंनी लॉकवर करूनच ही तपासणी करा. ते लॉक फिरतच नसेल तर वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही.

चालवून बघायला मुंबई-आग्रा हायवेवर जाऊ नका. मुरमाची, उताराची जागा शोधा. या गाड्यांत सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतं. कोरड्या डांबरावर फोर-एच टाकून वळवलं तर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि चेन, क्रॉस, दात खराब होतात. विकणारा तसंच करून दाखवत असेल तर गाडी आजवर कशी चालवली तेही कळलं. मुरमावर गाडी उभी करून क्लच दाबा, न्यूट्रलमध्ये फोर-एल (चारही चाकं, वेग कमी आणि ताकद जास्त) टाका, पहिल्या गियरमध्ये उतारावर सोडा, अॅक्सिलरेटरवर पाय नको. लिव्हर उडून बाहेर आली तर ट्रान्सफर केस खोलावी लागणार. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा, टक-टक आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे वळतानाही पुढच्या चाकाला ताकद पोचवणारे सांधे, गेलेत.

पुढचं चाक उचललेलं असतानाच वर-खाली धरून हलवा. प्ले असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर हब बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (ज्यांच्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ते भाग). डावी-उजवीकडे धरून प्ले आला तर टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा. जिप्सीत साठच्या आसपास स्टिअरिंग थरथरत असेल तर नुसतं बॅलन्सिंग करून भागत नाही, किंगपिनची बेअरिंग बघावी लागतात.

मोठे टायर बघून खूश होऊ नका. जुन्या थारला २३५/७० आर १६ येतात, म्हणजे साधारण २९ इंच. ३१ इंची घातले की मीटर सात टक्के कमी दाखवतो. ६०,००० म्हणजे प्रत्यक्षात ६४,००० च्या वर. शिवाय चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत, नाहीतर फोर-एच मध्ये तोच पीळ पडतो.

पूर येऊन नाशिकच्या गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडू लागला की गोदाकाठच्या पार्किंगमधल्या गाड्याही बुडतात, आणि त्यातल्या काही पुढे बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, बारीक गाळ पट्ट्यात राहतोच. सीटचे रूळ आणि एअर फिल्टरचा डबाही बघा.

इंजिन बघूच नका असं मी म्हणत नाही. थंड स्टार्ट, धुराचा रंग, चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून बॅक कम्प्रेशन (आतून येणारी हवा आणि धूर) किती मारतं, रेडिएटरच्या जाळीत चिखल आहे का, एवढं करा. पण हे सगळं शेवटी, आणि चेसिस पास झाली तरच.

कागदांत चेसिसवर कोरलेला नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. बँकेचा बोजा उतरलेला हवा, मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. पासिंग १५ वर्षांचं असतं, म्हणजे २०१२ च्या गाडीला २०२७ मध्ये पुन्हा पासिंग लागणार, आणि आरसीत नसलेले बदल तेव्हा काढावे लागतील. परराज्यातून बांधून आलेल्या उघड्या जीप कितीही स्वस्त असल्या तरी घेऊ नका.

थार की जिप्सी? जिप्सी हलकी, चिखलात उत्तम, पण पत्रा पातळ आणि फ्लोअर कुजलेली नाही अशी क्वचितच मिळते. कुटुंबाला घेऊन त्र्यंबक-इगतपुरी करणार असाल तर दोन्ही गाड्यांत मागच्या सीटवर कुणी तासभर टिकत नाही, तेव्हा टोकन देण्याआधी घरच्यांना मागे बसवून एक चक्कर मारा.