विश्वास ढळलेल्या धर्मगुरूची कथा ख्रिस्ती वाचकाने का वाचावी?

प्रश्न : आमच्या इगर्जीतील (चर्चमधील) युवकांना मी धर्मशिक्षण देते. त्यांच्यापैकी काहींनी मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘सायलेन्स’ (म्हणजे ‘मौन’, २०१६) हा चित्रपट पाहिला आणि ते अस्वस्थ झाले. जपानमध्ये गेलेला जेझुइट (येशूसंघीय) धर्मगुरू अखेर धर्मत्यागाची खूण म्हणून ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवतो, हे त्यांना सहन झाले नाही. हुतात्म्यांच्या इतक्या कथा असताना आजचे लेखक-दिग्दर्शक अशा कथा का निवडतात? मुलांना त्या दाखवाव्यात का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : मुले अस्वस्थ झाली, यात मला चिंतेचे कारण दिसत नाही; प्रतिमेवर पडलेले पाऊल पाहून त्यांना काहीच वाटले नसते, तर मात्र मी काळजीत पडलो असतो.

हुतात्म्यांविषयी आपण लिहिता, ते योग्यच आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर प्राण दिले, आणि त्यांचे स्मरण आपण अभिमानाने करतो. परंतु हा चित्रपट ज्या कादंबरीवर आधारलेला आहे, ती जपानी लेखक शुसाकू एन्दो यांची १९६६ मधील कादंबरी गार्सिया यांच्यानंतरच्या काळात घडते. ख्रिस्ती धर्मावरील १६१४ च्या बंदीनंतर जपानी अधिकाऱ्यांच्या हळूहळू लक्षात आले की धर्मगुरूला ठार मारल्याने लोकांची श्रद्धा अधिक बळकट होते, आणि त्याच्याकडून धर्मत्याग करवून घेतला तर ती खचते. म्हणून कादंबरीतील फादर रॉड्रिग्ज यांना मरण दिले जात नाही. खड्ड्यात उलटे टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे त्यांना ऐकवले जाते आणि त्यांनी प्रतिमेवर पाय ठेवला तरच त्या शेतकऱ्यांची सुटका होईल, असे सांगितले जाते. स्वतःचा जीव द्यायला ते तयार आहेत. दुसऱ्यांच्या वेदनांचे काय करायचे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही. त्यांनी योग्य केले की अयोग्य, यावर ख्रिस्ती वाचकांत आजही मतभेद आहेत. मला त्यांचे कृत्य समर्थनीय वाटत नाही, पण त्यांचा निवाडा करण्याची माझी छातीही होत नाही.

एन्दो स्वतः बालपणी बाप्तिस्मा झालेले कॅथलिक होते, आणि पाऊल पडते त्या क्षणी त्यांच्या कादंबरीत दूरवर कोंबडा आरवतो. हा संकेत ख्रिस्ती वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कोंबडा आरवण्यापूर्वी ज्या पेत्राने, प्रभूच्या शिष्याने, प्रभूला तीनदा नाकारले, त्याच्याच हाती पुढे कळप सोपवला गेला. देवाच्या मौनाविषयी म्हणाल, तर बावीसाव्या स्तोत्रातील ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा आक्रोश प्रभूने स्वतः क्रूसावर उच्चारला आहे. तेव्हा तो प्रश्न विचारणाऱ्या लेखकाला अश्रद्ध कसे म्हणावे? मला सर्वांत जवळचे वाटते ते रॉड्रिग्ज यांचा जपानी वाटाड्या किचिजिरो याचे पात्र. तो पुनःपुन्हा विश्वासघात करतो आणि तरीही पापनिवेदनासाठी पुनःपुन्हा परत येतो. हुतात्म्यांहून आपल्यातील बहुतेकांचे जीवन त्याच्याशीच अधिक मिळतेजुळते आहे, आणि म्हणूनच त्याचा राग येतो.

चित्रपटाच्या शेवटी मृत रॉड्रिग्ज यांच्या हातात एक लहानसा क्रूस दिसतो. कादंबरीत तो नाही. तिथे एका अधिकाऱ्याच्या कोरड्या दप्तरी नोंदींवर कथा संपते आणि त्यांच्या अंतःकरणाचा निर्णय देवावर सोपवला जातो. स्कॉर्सेसी यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही मला कादंबरीचा शेवट अधिक प्रामाणिक वाटतो.

ख्रिस्ती विषयावरील प्रत्येक कलाकृती या तोडीची नसते. ‘कॉन्क्लेव्ह’ (२०२४) या चित्रपटात सिस्टिन चॅपेलमधील विधी देखणे आहेत आणि प्रार्थना करणे कठीण झाल्याची कबुली देणारे कार्डिनल मनाला भिडतात. पण पोपच्या निवडणुकीतील डावपेचांपुढे तो धागा हरवतो. धर्मगुरूचे पात्र चांगले आहे की वाईट, याला मी फारसे महत्त्व देत नाही. त्या पात्राची प्रार्थना लेखकाने खरी मानली आहे की केवळ सजावटीपुरती वापरली आहे, एवढेच मी पाहतो.

मुलांच्या बाबतीत, छळाची दृश्ये लक्षात घेता, अकरावी-बारावीच्या आधी हा चित्रपट दाखवू नये, असे माझे मत आहे. दाखवण्यापूर्वी लूकच्या शुभवर्तमानातील बाविसावा अध्याय (पेत्राच्या नकाराचा) गटात वाचून घ्यावा, संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघून १५४९ मध्ये जपानला पोहोचले होते, हेही सांगावे, आणि चर्चेची सुरुवात रॉड्रिग्ज यांच्यापासून न करता किचिजिरोपासून करावी.