कमी पटाच्या सरकारी शाळा बंद करू नयेत, या बाजूने निबंध लिहायचाय. अभ्यास कुठून सुरू करू?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यापासून सुरू करा, आणि बातम्यांआधी त्याचा मूळ मजकूर वाचा. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक हवेत, हे त्याच्या अनुसूचीत आहे. प्राथमिक शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत हवी, हे राज्याच्या नियमांत. तुमचा खरा मुद्दा या अंतराचाच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा, शाहूवाडीकडं पावसाळ्यात ओढा आडवा आला की पुढच्या गावची शाळा सहा वर्षांच्या मुलीसाठी बंदच होते. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यावरून शाळांचा पट काढा, आणि एखाद्या शाळेपर्यंत मुलांसोबत स्वतः चालत जा; ते अंतर पायांना कळायला हवं. शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा जरूर घ्या, पण नुसता अभिमान म्हणून नको. शिक्षणाचा खर्च ही राज्याची जबाबदारी, हा युक्तिवाद त्यातून उभा करा. वादविवाद स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेतो, त्या अनुभवावरून सांगतोय. मात्र पट तीन-चारवर आला की मुलांना खेळायला, बोलायला सोबतीच उरत नाहीत. हा आक्षेप खरा आहे. तो तुम्हीच आधी मांडा आणि मग उत्तर द्या.