मरीनला नौसैनिक म्हणावं का? आणि ‘नेव्हल बेस’ला अड्डा?

बडोद्याच्या आपल्या मराठी वाचक मंडळातल्या एका ताईंनी विचारलंय. एका लेखाचा अनुवाद करताना त्यांनी ‘ओकिनावाच्या अड्ड्यावरचे अमेरिकन नौसैनिक’ असं लिहिलं (ओकिनावा हे जपानचं बेट), मुळात ‘यूएस मरीन्स’ होतं, आणि मुलानं हटकलं की आई, मरीन म्हणजे नौसैनिक नाही. मग म्हणायचं काय, आणि ‘अड्डा’ तरी बरोबर आहे का?

ताई, मुलाचं बरोबर आहे. नौसैनिक म्हणजे नौदलाचा माणूस, जो जहाज चालवतो, इंजिन बघतो, जहाजावरच्या तोफा-रडार सांभाळतो. मरीन हा मुळात पायदळाचा शिपाई आहे, फक्त तो जहाजातून जातो आणि किनाऱ्यावर उतरून लढतो. पूर्वी शिडांची जहाजं होती तेव्हा त्याचं काम म्हणजे डेकवरून बंदुकीचा मारा करायचा, शत्रूच्या जहाजावर उडी घ्यायची, आणि खलाशांनी बंड केलं तर अधिकाऱ्यांच्या बाजूनं उभं राहायचं. म्हणजे एकाच जहाजावर दोन वेगळ्या कामांची माणसं, दोघांना एकच शब्द लावला की वाचणाऱ्याचा घोळ होणारच.

दुसऱ्या भाषांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. स्पेनचं असं दल जगातलं सगळ्यात जुनं, १५३७ पासूनचं, आणि त्याच्या नावाचा सरळ अर्थच ‘नौदलाचं पायदळ’. रशियन नावही तसंच. इंग्रजांनी १६६४ मध्ये पलटण उभी केली तिच्या नावातही ‘फूट’ होतं म्हणजे पायदळच, पुढे त्यांचेच रॉयल मरीन्स झाले. डचांचं दल लगेच पुढच्या वर्षी, १६६५ चं. अमेरिकेचं १० नोव्हेंबर १७७५ चं, आणि तिथे मात्र भानगड अशी की मरीन कोअर हे नौदलाच्या खात्याखाली असलं तरी वेगळं दल मानलं जातं, त्यांची स्वतःची विमानंसुद्धा आहेत, ओकिनावाचा फुतेन्मा हा त्यांचा विमानतळच आहे. म्हणून अमेरिकेबद्दल लिहिताना नुसतं ‘नौदलाचं पायदळ’ लिहिलं तरी थोडं अपुरं पडतं. (आणि कृपा करून ‘कॉर्प्स’ लिहू नका, उच्चार ‘कोअर’ आहे, एनसीसीतला शेवटचा सी तोच.)

आता आपल्याकडे ही गोष्ट नव्हती का? होती, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. मराठ्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत अशी जोडी असायची. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा तिच्यावर. गलबत लहान, पण त्याला ४०-५० वल्ही, त्यामुळे वारा पडला की गलबतंच गुराबेला दोरानं ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला नेऊन उभी करायची, तिथून गुराब तोफा डागायची, आणि समोरचं जहाज लंगडं झालं की गलबतांमधून तलवारी घेतलेली माणसं त्याच्यावर चढायची. ही चढणारी माणसं म्हणजे मरीनच की! तसंच १६७९ मध्ये खांदेरीला झालं. शिवाजी महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी माणसं आणि सामान घेऊन बेटावर उतरला, किल्ल्याचं काम सुरू केलं, इंग्रजांनी वेढा घातला तरी बेट सोडलं नाही. होडीनं जायचं, उतरायचं, जागा धरून ठेवायची, आजच्या मरीनच्या ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात.

पण शब्द? आपल्या जुन्या मराठीत खलाशी, तांडेल, सारंग, दर्यावर्दी असे जहाज चालवणाऱ्यांचे शब्द भरपूर आहेत, लढणाऱ्याला मात्र शिपाई किंवा गोलंदाज म्हणायचे, तो पाण्यावर असो की गडावर. ‘आरमार’ हा शब्द पोर्तुगीज आर्मादावरून आला असं बहुतेक जण मानतात. आणि ‘सरखेल’, कान्होजी आंग्र्यांचा किताब, तो तर फारसीतून आलाय आणि मुळात घोडेस्वारांच्या तुकडीच्या प्रमुखाचा. म्हणजे जमिनीवरचा शब्द समुद्रात नेताना आपल्या लोकांना काही अडचण वाटली नाही, मलाही वाटत नाही. आपल्या गायकवाडांचंही बिलिमोऱ्याला आरमार असायचं, त्यामुळे बडोदेकराला हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

अजून एक बघा, पायदळ, घोडदळ यात ळ आहे, नौदलात ल. पहिले दोन तोंडात घोळून आलेले, तिसरा नंतर संस्कृत धरून घडवलेला. आपल्या गुजराती शेजाऱ्यांनी मात्र ‘नौकादळ’ म्हणून ळ ठेवला, मला तो जास्त आवडतो.

‘मरीन’ शब्दाची मराठीत खरी अडचण म्हणजे त्याचे आधीच खूप अर्थ झालेत. ‘मुलगा मरीनमध्ये आहे’ म्हटलं की आपण मर्चंट नेव्ही समजतो. जामनगरजवळचं मरीन नॅशनल पार्क म्हणजे प्रवाळ आणि मासे. ‘बॉम्बे मरीन’ हे तर ईस्ट इंडिया कंपनीच्या अख्ख्या आरमाराचं नाव होतं, आणि ‘रॉयल इंडियन मरीन’ हे नाव १९३४ पर्यंत चाललं, मग रॉयल इंडियन नेव्ही झालं. जुन्या कागदात मरीन दिसलं की शिपाई समजायचं नाही, आरमार समजायचं. उलट मुंबईचं मरीन लाइन्स स्टेशन, ते खरोखर मरीन बटालियनच्या बराकींवरून पडलेलं नाव! ही मुंबई फौजेची देशी पलटण होती, १७७७ मध्ये उभी राहिलेली, कंपनीच्या जहाजांवर शिपाई पुरवायची. पुढे ती पायोनियर, म्हणजे रस्ते आणि बांधकामं करणारी पलटण झाली आणि १९३३ मध्ये मोडली.

आज भारताकडे अमेरिकेसारखं वेगळं मरीन कोअर नाही. समुद्रातून किनाऱ्यावर उतरायचं काम लष्कराच्या खास तयार केलेल्या ब्रिगेड करतात. नौदलाचे मार्कोस आहेत, १९८७ मध्ये स्थापन झालेले, २६/११ ला ताजमध्ये गेलेले, पण ते कमांडो, निवडक लोकांचं छोटं दल. त्यांना ‘सागरी कमांडो’ म्हणा, छान बसतं, फक्त तोच शब्द अमेरिकन मरीन्सना लावू नका कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाला आधी साधा रायफलवाला सैनिक म्हणूनच तयार करतात, कमांडो म्हणून नाही. २००९ मध्ये नौदलाच्या तळांच्या राखणीसाठी सागर प्रहरी बल आलं, ते आणखी वेगळं. तटरक्षक दल तर पूर्णच वेगळं.

आता अड्डा. हिंदीत ‘नौसैनिक अड्डा’ चालतं म्हणून आपल्याकडे शिरलंय, पण मराठी कानाला अड्डा म्हटलं की जुगार आठवतो. आपला शब्द आहे तळ, तळ ठोकणे, तळ हलवणे, त्यात सैन्य आपोआप येतं. नौदलाचा तळ, मरीन्सचा तळ. जहाजं दुरुस्त होतात ती गोदी, माल उतरतो ते बंदर.

तळांच्या नावात एक फसवी गोष्ट आहे तेवढी सांगतो. ‘आयएनएस’ म्हणजे भारतीय नौदलाचं जहाज, पण आयएनएस शिवाजी लोणावळ्याच्या डोंगरात आहे, आयएनएस आंग्रे मुंबईत जमिनीवर आहे, आयएनएस द्वारका ओख्याला, जे ओखामंडळ एकेकाळी बडोदा संस्थानातच होतं. जुन्या ब्रिटिश नियमात नौदलाचा शिस्तीचा कायदा जहाजाच्या हजेरीपटावर असलेल्यांनाच लागू व्हायचा, म्हणून जमिनीवरच्या ठिकाणालाही जहाज म्हणून नोंदायचे, ती पद्धत आपण चालू ठेवली. त्यामुळे अनुवादात ‘आयएनएस द्वारका ही युद्धनौका’ असं लिहिण्याआधी ते जहाज आहे की तळ हे बघून घ्या.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘ओकिनावाच्या तळावरचे अमेरिकन मरीन्स’, आणि लेखात पहिल्यांदा येईल तिथेच ‘मरीन्स म्हणजे जहाजातून जाऊन किनाऱ्यावर लढणारं सैन्य’ एवढं जोडा, पुढे नुसतं मरीन्स. गोष्ट शिवकाळातली असेल तर मात्र बिनधास्त ‘आरमारी शिपाई’ लिहा.