गिटारवादक मार्क नॉफ्लर आवडायला लागलाय म्हणतोस, तर…

पहिल्याच आठवड्यात त्याचं सगळं ऐकून उरकू नकोस. आमच्या वेळी मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या कॅसेटच्या दुकानातून (२०१६ला बंद झालं बिचारं) महिन्याला एक कॅसेट परवडायची, म्हणून ती रीळ सैल होईस्तोवर ऐकली जायची. तू त्याच्या डायर स्ट्रेट्स या बँडच्या १९७८च्या पहिल्या अल्बमपासून सुरू कर. हेडफोन लाव, शब्द सोड, फक्त उजवा हात ऐक. पिक (तार छेडायची चकती) नाही, नुसती बोटं. तार ओढून सोडल्याचा तो 'टक्' एकदा सापडला की लोकलच्या खडखडाटातही ओळखू येतो.

२००५मध्ये तो मुंबईत वाजवून गेला तेव्हा मी अक्षरशः वेडा झालो होतो. चारेक वर्षांनी त्याचाच नवा अल्बम अर्ध्यावर बंद केला. बँड १९९५मध्ये मोडल्यावर गडी लोकसंगीताकडे वळला होता, मला मात्र जुनंच हवं होतं. अपराधी वाटलं, उगाचच. तुझंही असं झालं तर बळेबळे ऐकू नकोस, आणि चारचौघांत शिव्याही घालू नकोस. ती खोड आम्हा जुन्यांना आहे. तो ज्यांना ऐकून शिकला त्या जे. जे. केल, चेट अ‍ॅटकिन्स या गिटारवाल्यांकडे जा. मी तिकडेच गेलो. परवा घरी येताना तोच अर्धवट टाकलेला अल्बम सहज लावला, आणि ठाणं मागे गेलेलं कळलंच नाही.