‘मजबूत’ म्हणजे नेमके काय? बळकट, कठीण, ताठ आणि चिवट

प्रश्न असा आहे: ‘पोलादात कार्बन वाढवला की त्याची मजबुती वाढते असे वाचले. मग तेच पोलाद आघाताने पटकन का तुटते? आणि पदार्थांच्या यामिकीबद्दल मराठीत लिहिताना मजबूत, कठीण, ताठ, चिवट हे शब्द एकमेकांऐवजी चालतात का?’

चालत नाहीत, आणि पहिला प्रश्न पडला तो त्यामुळेच. ‘मजबूत’ हा बोलण्यातला चांगला शब्द आहे, पण त्याच्या पोटात चार वेगवेगळे गुण दडलेले असतात. त्यातला एक वाढताना दुसरा घटू शकतो. म्हणून मजबुतीबद्दल कुणी प्रश्न विचारला की आधी ‘कोणती मजबुती?’ हे विचारावे लागते, आणि अर्धी चर्चा त्यातच जाते.

स्ट्रेंथसाठी मी ‘बळकटी’ वापरतो. कायमचा आकार बदलण्याआधी किंवा तुटण्याआधी पदार्थ दर चौरस मीटरला किती बल सोसतो, एवढाच तिचा अर्थ. बांधकामातले साधे पोलाद सुमारे २५० मेगापास्कलला (एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मीटरला दहा लाख न्यूटन बल) कायमचे ताणले जाऊ लागते. स्प्रिंगचे पोलाद १००० च्याही पुढे जाते. हार्डनेस म्हणजे कठीणपणा किंवा काठिण्य: पृष्ठभागावर ओरखडा किंवा खाच पडू न देण्याचा गुण. खनिजांच्या काठिण्याच्या मोस यांच्या १८१२ च्या श्रेणीत हिरा दहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवर आहे. तरीही योग्य दिशेने घाव बसला की हिरा सरळ दुभंगतो. सर्वांत कठीण वस्तू सर्वांत चिवट नसते, हे त्याच्याइतके स्पष्ट कुणी दाखवत नाही.

स्टिफनेस म्हणजे ताठरपणा, भार पडल्यावर कमी वाकण्या-ताणण्याचा गुण, आणि गोंधळ सर्वांत जास्त इथे होतो. त्याचे माप असलेला यंगचा गुणांक साध्या पोलादाचाही सुमारे २०० गिगापास्कल आणि स्प्रिंगच्या पोलादाचाही जवळपास तेवढाच. कार्बन वाढवून किंवा उष्णतेची प्रक्रिया देऊन बळकटी कित्येक पट वाढवता येते, ताठरपणा मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. ‘तुळई वाकते आहे, अधिक मजबूत पोलाद वापरू’ असे कुणी म्हणाले तर ती तेवढीच वाकेल. तिथे छेद, म्हणजे तुळई आडवी कापल्यावर दिसणारा आकार, बदलायला हवा. आयताकृती छेदाची उंची दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो.

आता चिवट. टफनेससाठी संस्कृतातून नवा शब्द घडवण्याची मला अजिबात गरज वाटत नाही, कारण हा शब्द आपल्याकडे तयार आहे. ‘चिवट झुंज’ म्हणताना आपल्याला ताकद अभिप्रेत नसते. मार खात, वाकत, पण हार न मानता टिकून राहणे अभिप्रेत असते. पदार्थाचा चिवटपणाही हाच: तुटण्याआधी किती ऊर्जा पचवली, आणि आधीच असलेल्या भेगेला पुढे सरकायला किती विरोध केला. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे माणसाच्या बाबतीत कौतुकाने म्हणतात. पदार्थाच्या बाबतीत मात्र ती ठिसूळपणाची अगदी नेमकी व्याख्या आहे. काच तशी असते. रचनाकाराला उलटे हवे असते, कारण वाकणारा भाग मोडण्याआधी इशारा देतो.

हा गुण डोळ्यांनी पाहायचा असेल तर शार्पी चाचणी पाहावी. १० मिलिमीटर चौरस छेदाची, ५५ मिलिमीटर लांबीची कांडी, मधोमध २ मिलिमीटर खोल खाच; खाचेच्या मागच्या बाजूने लंबकाचा हातोडा आदळतो. कांडी तोडून हातोडा पलीकडे जितका कमी वर चढतो, तितकी जास्त ऊर्जा तिने खाल्ली. तुटलेले तुकडे हातात घेतले की आकडा न पाहताही निकाल कळतो. ठिसूळ तुटलेला पृष्ठभाग सपाट, चमकदार, दाणेदार असतो. चिवट तुटलेला धूसर, तंतुमय, आणि बाजूच्या कडा बाहेर फुगलेल्या. तेच पोलाद थंड करून पुन्हा तोडले तर दुसऱ्या प्रकारातून पहिल्या प्रकारात जाऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बांधलेल्या लिबर्टी या मालवाहू जहाजांपैकी काही थंड पाण्यात दुभंगली; ते पोलाद थंडीत ठिसूळ होते, हे केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवले. बळकटीच्या आकड्यांत हा धोका दिसत नव्हता.

जाता जाता ‘ताण’बद्दल. रोजच्या भाषेत तो ओढण्याचाच असतो, पण स्ट्रेस (पदार्थात दर क्षेत्रफळाला येणारे बल) दाबाचाही असतो आणि कातरण्याचाही. म्हणून तिथे ‘प्रतिबल’ आणि स्ट्रेनसाठी (त्या बलाने मूळ मापाच्या प्रमाणात होणारा बदल) ‘विकृती’ हे पाठ्यपुस्तकी शब्द कोरडे असले तरी मी तेच पसंत करतो.

तर मूळ प्रश्न असा लिहावा: कार्बन वाढल्यावर पोलादाची बळकटी आणि काठिण्य वाढते, पण चिवटपणा का घटतो? असा लिहिला की उत्तरही सोपे होते. कार्बन लोहाशी मिळून सिमेंटाइट नावाचे कठीण संयुग तयार करतो. त्याच्या कणांमुळे स्फटिकातले अणूंचे थर सहज सरकू शकत नाहीत. थर सरकले नाहीत की पोलाद सहजी ताणले जात नाही, म्हणून ते बळकट ठरते. पण भेगेच्या टोकापाशी याच सरकण्याने टोक बोथट होत असते आणि ऊर्जा खर्ची पडत असते. ते अडले की टोक तीक्ष्ण राहते, आणि आघात झाला की भेग धावत सुटते.