वासाने कीड पळते का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : टोमॅटोच्या वाफ्यात तुळस, पुदिना, झेंडू असं सगळं लावलं. तरी फळ पोखरणारी अळी आलीच. वास कमी पडला का?

वासाकडून अपेक्षाच जास्त होती. तुळशीचं पान उलटं करून भिंगाखाली धरा. बारीक चमकदार ठिपके दिसतील, त्या तेलग्रंथी. सुगंध बराचसा तिथेच कोंडलेला असतो आणि पान चुरगळलं की दरवळतो. नुसतं शेजारी उभं असलेलं रोप टोमॅटोला फारसं संरक्षण देत नाही.

इंग्लंडमध्ये स्टॅन फिंच आणि रोझमेरी कॉलियर यांनी कोबीची मुळं खाणाऱ्या माशीवर प्रयोग केले. कोबीभोवती सुगंधी रोपं लावा नाहीतर बिनवासाची, माशीचा गोंधळ जवळपास सारखाच उडाला. हिरव्या कागदाची खोटी पानंसुद्धा चालली! माशी हिरवं दिसेल तिथे उतरते, पायांनी पानाची चव घेते आणि लागोपाठ काही वेळा कोबीचंच पान लागलं तर अंडी घालते. मधेच भलतं पान पायाखाली आलं की तिची शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा मिश्र लागवड जरूर करा, पण त्याचं सगळं श्रेय वासाला देऊ नका.

झेंडूचं मात्र वेगळं आहे. फळ पोखरणाऱ्या अळीच्या मादी पतंगाला झेंडूची फुलं आवडतात आणि ती टोमॅटोऐवजी तिथे अंडी घालते. म्हणूनच त्याला सापळा पीक म्हणतात. टोमॅटोची २५ दिवसांची रोपं लावताना झेंडूची ४० ते ४५ दिवसांची रोपं घेतात, म्हणजे दोन्ही एकाच सुमारास फुलतात. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ पुरते. तुम्ही बहुधा दोन्हींची रोपं एकाच वयाची लावली असावीत. आणि झेंडूवरच्या अळ्या वेळच्या वेळी वेचल्या नाहीत, तर आपण कीड पोसतोय असं समजा.

प्रश्न : मक्यातल्या खोडकिड्यासाठी ‘पुश-पुल’ पद्धत सांगतात. ती नेमकी काय आहे?

एकीकडून हाकलायचं, दुसरीकडे बोलवायचं. १९९० च्या दशकात केनियातल्या आंतरराष्ट्रीय कीटक संशोधन केंद्राने इंग्लंडच्या रोथमस्टेड या शेती संशोधन संस्थेबरोबर ती विकसित केली. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगावर्गीय पीक आणि शेताच्या कडेने नेपियर गवत. खोडकिड्याच्या पतंगांना डेस्मोडियमचा वास नकोसा वाटतो, नेपियरचा हवासा. अंधार पडल्यावर पहिल्या तासाभरात नेपियरचा वास एकदम वाढतो आणि अंडी घालायला जागा शोधत माद्या फिरतात तीही हीच वेळ. अळ्या गवतात शिरल्या की चिकट रसात अडकतात. बहुतेक मोठ्या होतच नाहीत.

माझ्या मते ही पद्धत टिकली ती फक्त वासावर नाही. डेस्मोडियमची मुळं टारफुला या पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या तणालाही आवर घालतात, जमिनीला नत्र मिळतं आणि जनावरांना चारा होतो. दुसऱ्या पिकात हीच जोडी लावून तोच परिणाम मिळेल, असं समजू नका. त्या पिकाची कीड कोणत्या वासाला भुलते हे आधी पाहावं लागतं.

प्रश्न : सिट्रोनेला तेल पाण्यात घालून फवारलं. मावा दोन दिवसांत परत आला, वर पानंही करपली.

ही तेलं झटकन उडून जातात, उन्हात तर फारच लवकर. पाण्यात ती मिसळत नाहीत, त्यामुळे कुठे नुसतं पाणी पडतं, कुठे निव्वळ तेलाचा थेंब. पान तिथे करपतं. तेल पाण्यात मिसळवणाऱ्या पायसकारी द्रावणाशिवाय फवारू नका, आधी दोन-चार पानांवर करून पाहा आणि फवारणी संध्याकाळीच करा. कडुनिंबाचं गणित निराळं. त्यातलं अझाडिरेक्टिन किडीची भूक मारतं आणि तिला नीट कात टाकू देत नाही. उग्र वासाशी त्या कामाचा फारसा संबंध नाही.

प्रश्न : मावा धोक्याचा वास सोडतो असं वाचलं. तोच वास शेतात सतत ठेवला तर?

अगदी हेच करून पाहिलंय. पकडला गेलेला मावा मागच्या दोन नळ्यांतून थेंब सोडतो. त्यातल्या बीटा-फार्नेसीनच्या वासाने शेजारचे मावे पान सोडून पळतात. रोथमस्टेडच्या शास्त्रज्ञांनी जनुक बदलून हा वास देणारा गहू तयार केला. प्रयोगशाळेत मावा दूर राहिला, पण २०१२ आणि २०१३ मधल्या शेतातल्या चाचण्यांत फरक पडला नाही. मावा हा वास संकटात क्षणभर सोडतो. गहू तो दिवसरात्र सोडत होता आणि त्याला मावा सरावला असावा.

प्रश्न : फळमाशीच्या सापळ्यात नुसते नरच सापडतात. मग उपयोग काय?

सापळ्यात आमिष म्हणून ठेवलेल्या मिथाईल युजेनॉल या रसायनाकडे नरच येतात. या आकर्षणाचा छडा बिहारमधल्या पुसा इथले कीटकशास्त्रज्ञ फ्रँक हॉवलेट यांनी लावला. १९१२ मध्ये त्यांनी सिट्रोनेला तेलाकडे धावणाऱ्या नर माश्यांबद्दल लिहिलं आणि १९१५ मध्ये त्यामागचं रसायन दाखवलं. गंमत बघा, डासांसाठी जे तेल अंगाला लावतात, तेच या माश्यांना ओढतं.

मोठ्या क्षेत्रावर एकदम सापळे लावून नरच संपवले तर माद्यांची अंडी फळत नाहीत. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात कीटकनाशकाची जोड देऊन फळमाशी अशीच संपवली. एकट्याच्या बागेत बाहेरून मीलन झालेल्या माद्या येतच राहतात. तिथे सापळ्यातली संख्या वाढली की फळांना पिशव्या घालायची वेळ झाली, एवढं कळतं. काकडी-दोडक्यावरच्या माशीला मात्र मिथाईल युजेनॉल चालत नाही, तिच्यासाठी क्यू-ल्यूर हे दुसरं आमिष घ्या.