वाचकांचे प्रश्न : भट्टीतून आलेले क्लच कव्हर आणि ऑइलची गळती

प्रश्न : माझी मोटारसायकल १२ वर्षे जुनी आहे. रत्नागिरीत समुद्राजवळ राहत असल्यामुळे खाऱ्या हवेने इंजिनाच्या क्लच कव्हरवर पांढरे चट्टे पडून रंगाचे पोपडे निघू लागले होते, म्हणून कव्हर उतरवून मी ते पावडर कोटिंगला दिले. काम सुबक झाले. परंतु गाडी जोडून जेमतेम ४०० किलोमीटर होतात तोच किकच्या दांड्यापाशी ऑइल झिरपू लागले आणि ऑइलची पातळी पाहण्याच्या काचेभोवतीही ओशट कडे दिसू लागले. गॅस्केट नवे आहे. कव्हर भट्टीत अवघी २० मिनिटे होते, तेवढ्यात रबराला काही होत नाही, असे कोटिंग करणाऱ्यांचे म्हणणे आहे. ते खरे आहे का? कव्हर पुन्हा कोटिंगला द्यावे लागेल का?

उत्तर : ते म्हणणे खरे नाही. कव्हरमध्ये तसेच राहिलेले आपले सील, म्हणजे दांड्याभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी, भट्टीतच निकामी झाले असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. पावडर कोटिंगमध्ये कोरडी पावडर विद्युतभाराच्या साहाय्याने धातूवर बसवतात आणि ती वितळून एकजीव व्हावी म्हणून साधारणपणे १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजतात. यातली २० मिनिटे मोजायची असतात ती धातू स्वतः त्या तापमानाला पोहोचल्यानंतर. त्यामुळे कव्हर प्रत्यक्षात भट्टीत त्याहून बराच जास्त वेळ राहते. शिवाय ओतीव ॲल्युमिनिअमच्या बारीक छिद्रांत मुरलेले तेल आणि हवा यांमुळे कोटिंगला फोड येऊ नयेत, म्हणून जाणते कारागीर पावडर मारण्याआधीही कव्हर एकदा भाजून घेतात. आपल्या कव्हरचे तसे केले असेल, तर रबराला शेक दोनदा बसला.

किकच्या दांड्याचे ऑइल सील सहसा नायट्राइल रबराचे असते. हे रबर तेलात उत्तम टिकते, पण ते सतत सोसू शकेल असे तापमान १०० अंशांच्या आसपास आणि थोड्या वेळापुरते फार तर १२० अंश असते. तापमान १० अंशांनी वाढले की रबर जुने होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. त्या हिशेबाने १०० अंशांवरून २०० अंशांवर गेल्यास तो वेग हजारपटीच्या घरात जातो, म्हणजे भट्टीतली २० मिनिटे इंजिनातल्या तीनशेहून अधिक तासांइतकी होतात. हिशेब ढोबळ आहे, परंतु ‘अवघी २० मिनिटे’ या शब्दांत किती नुकसान दडलेले असते, हे त्यावरून कळते. त्यातच इंजिनात सील तेलाने माखलेले असते आणि भट्टीत मात्र ते कोरड्या, तापलेल्या हवेत असते. त्या हवेतला ऑक्सिजन रबराला आणखी ताठर करतो. ताठरलेली लिप, म्हणजे सीलची दांड्याला टेकणारी पातळ कडा, सुरुवातीला जागेवर टेकून राहते, म्हणून गळती पहिल्या दिवशी दिसत नाही. पुढे इंजिनाची थरथर आणि प्रत्येक किकची हालचाल यांनी तिला बारीक चिरा पडतात आणि ऑइल वाट काढते. पातळीच्या काचेभोवतीच्या रबराचेही असेच होते. ते दबून चपटे होते आणि पुन्हा फुगून येत नाही.

खात्री करून घ्यायची असेल, तर सील काढल्यावर त्याची लिप अंगठ्याच्या नखाने वाकवून पाहा. नव्या सीलची लिप नख उचलताच जागेवर येते. भाजलेली लिप वाकलेलीच राहते किंवा तिच्या मुळाशी केसासारख्या चिरा उघडतात.

कव्हर पुन्हा कोटिंगला देण्याची गरज नाही. सील जागेवर असतानाच पावडर मारली गेल्यामुळे सीलच्या कडेवरून कव्हरपर्यंत कोटिंगचा सलग थर तयार झाला असेल. सील सरळ उचकटले तर त्यासोबत कव्हरवरचाही टवका निघेल, म्हणून आधी धारदार ब्लेडने सीलभोवती गोल चीर द्या आणि मग स्क्रूड्रायव्हरखाली लाकडाची पट्टी ठेवून सील उचला. नवे सील घेताना जुन्यावरचे आकडे वाचा. २०-३२-७ असे लिहिले असेल, तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली आहे. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवून, लिपला ग्रीस लावून, बाहेरच्या व्यासाइतका सॉकेट टेकवून सील सगळीकडून सारखे ठोका. पातळीची काच, क्लच लिव्हरचे सील आणि त्या कव्हरमध्ये राहिलेली प्रत्येक ओ-रिंग याच वेळी बदलून टाका. एकच सील बदलून बाकीची तशीच ठेवणे मला मुळीच पटत नाही, कारण भट्टीत ती सगळी एकत्रच भाजली गेली आहेत.

प्रश्न : माझ्या इंजिनात व्हिटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराची सील आहेत आणि ती २०० अंश सोसतात असे ऐकले आहे. मग ती न काढता कव्हर कोटिंगला दिले तर चालेल ना?

उत्तर : व्हिटॉन २०० अंशांच्या आसपास टिकते हे खरे आहे, तरीही सील काढूनच द्या. पावडर लिपवर बसून तिथेच भाजली जाते, आणि त्याआधी धातू साफ करण्यासाठी कणांचा मारा करतात त्या ब्लास्टिंगचे कण लिपच्या खाचेत अडकून पुढे दांड्यावर चर पाडतात. सील काढल्यावर त्याचे घर, म्हणजे ते बसते ते भोक, मात्र सिलिकॉनच्या बुचाने किंवा उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकायला सांगा. कोटिंगचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा धरला, तरी दोन्ही बाजू मिळून घराचा व्यास ०.१२ ते ०.१६ मिलिमीटरने कमी होतो आणि सील तिरके बसते.

कव्हरमध्ये बेअरिंग असेल तर तेही आधी काढा. ॲल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ६३०४ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर असतो. भट्टीत त्याचे घर बेअरिंगपेक्षा सुमारे ०.१ मिलिमीटर जास्त फुगते. हुकाला टांगलेल्या कव्हरमधून असे बेअरिंग सुटून भट्टीच्या तळाशी पडू शकते, आणि पडले नाही तरी त्यातले ग्रीस जळून गेलेले असते.